टाच मोकळी ठेवायची

सिग्रिड आमच्याकडे आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा होत्या आणि एक लांबलचक कापडी पिशवी, जी बाबांनी विमानतळावरच पडद्याचा रॉड ठरवून टाकली. "एवढ्या लांबून पडद्याचा रॉड कशाला आणलाय पोरीने? इथे काय मिळत नाहीत?" असं ते मला मराठीत विचारत होते आणि तिच्याकडे बघून तोंडभर हसत होते. पिशवी गाडीत मावेना. शेवटी ती मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत तिरकी घातली आणि घरी पोचेपर्यंत ती माझ्या कानाला घासत राहिली. सिग्रिड सोळा वर्षांची, माझ्याच वर्गात येणारी, नॉर्वेतल्या टेलेमार्क नावाच्या डोंगराळ भागातली. शाळेच्या अदलाबदलीच्या योजनेत ती वर्षभर आमच्या घरी राहणार होती आणि पुढच्या ऑगस्टमध्ये मी तिच्या घरी. नियमच तसा होता. ज्या घरात पाहुणी, त्या घरातली मुलगी पुढच्या वर्षी पाहुणी. मुलाखत होऊन माझं नाव निघालं त्या दिवशी मी लिफ्टमध्ये बाविसाव्या मजल्यापर्यंत उड्या मारत आले होते, आणि लिफ्टमधल्या एका फिलिपिनो बाईंनी घाबरून दांडी धरली होती.

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधलं ते आमचं घर. हॉलच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत तळ्याचा एक तुकडा दिसायचा, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो 'लेक व्ह्यू' म्हणून दाखवायची. घरात एसीची घरघर बारा महिने. कुणी कधी एसी बंद केलाच तर आम्ही तिघं दचकून वर बघायचो. आई घरूनच खाण्याच्या ऑर्डरी घ्यायची, दिवाळीत फराळ, गणपतीत उकडीचे मोदक, एरवी थालीपिठाची भाजणी आणि पुरणपोळ्या. त्यामुळे फ्रीजच्या दारावर कायम चिकटवलेल्या चिठ्ठ्या, मरीनाच्या कुलकर्णी एकवीस मोदक, खालच्या मजल्याचे पिल्लई दोन किलो चिवडा. बाबांचं वर्कशॉप रास अल खोरला. कोल्डरूम बांधायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. जगात सगळे लोक गरमीने बेजार असताना बाबा संध्याकाळी घरी यायचे ते नाक लाल करून, शिंकत. आई-बाबा माझ्याशी मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं.

सिग्रिडने येताना एक तपकिरी चीज आणलं होतं, विटेसारखं चौकोनी. आईने त्याचा तुकडा पोळीवर ठेवून खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, हा तर कंदी पेढा! मीठ पडलेला." तिथून पुढे आमच्या घरात ते 'नॉर्वेचा पेढा' म्हणूनच खपलं. सिग्रिड आईला 'आयी' म्हणायला लागली, आणि आई अशी काही विरघळली की विचारू नका. मी आईला 'मॉम' म्हणायचे. तिला ते कधीच आवडलं नव्हतं, पण बोलली नव्हती.

त्या पडद्याच्या रॉडमधून दोन स्की निघाल्या. लाकडी, जुन्या, कडा झिजलेल्या. त्या सिग्रिडच्या आजोबांच्या. आजोबा नुकतेच गेले होते. त्यांच्या भागात बर्फावरून घसरायची एक जुनी तऱ्हा आहे, तिला त्या भागाचंच, म्हणजे टेलेमार्कचं नाव. बाकीचे लोक स्की करताना बूट पुढून-मागून घट्ट अडकवतात. इथे फक्त पुढून, चवड्याला अडकवायचा आणि टाच मोकळी ठेवायची. वळताना एक पाय पुढे सरकवायचा, मागच्या पायाची टाच उचलायची आणि गुडघा खाली, जवळजवळ स्कीला टेकेल इतका. आजोबा तसे करायचे, एकच लांब काठी हातात घेऊन; ती काठीही त्या पिशवीत होती. सिग्रिडला मात्र ते येत नव्हतं. मला हे ऐकून धक्काच बसला. शाळेत सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की नॉर्वेची आहे म्हणजे बर्फातच जन्मली असणार, जसं तिच्या आईने फोनवर मला विचारलं होतं की मी रोज किती वेळ योगा करते. "मला साधं स्की येतं," सिग्रिड म्हणाली, "पण हे नाही. आमच्या गावात पडले तर सगळे म्हणतील, बघा, त्यांची नात! इथे मला कोण ओळखतंय?" म्हणजे ही बया आजोबांचं घसरणं शिकायला वाळवंटात आली होती. मला ती त्या क्षणी फार आवडली. पुढे जे झालं ते झालं, पण त्या क्षणाबद्दल मी खोटं बोलणार नाही. (आम्ही दोघी अर्थातच इंग्रजीत बोलायचो. इथे मराठीत लिहितेय, कारण राग मला मराठीतच नीट लिहिता येतो.)

शहरातल्या एका मॉलमध्ये बर्फाचा उतार होता, छपराखाली, आत शून्याच्या खालचं तापमान आणि काचेपलीकडे आइस्क्रीम खात बघणारे लोक. आईला तिकीट कळलं तेव्हा तिने लगेच मोठ्याने हिशोब केला, "अडीचशे दिरहम? म्हणजे सहा हजार रुपये! घसरून पडायला?" पण बाबांना तो उतार मनापासून पटला. त्यांच्या लेखी ती दुबईतली सर्वांत मोठी कोल्डरूम होती. आमच्या अंगावर त्यांनी वर्कशॉपमधली फ्रीझरमध्ये घालायची निळी जाकिटं चढवली, पाठीवर कंपनीचं नाव आणि फोन नंबरासकट. "भाड्याचे कपडे कशाला? हे उणे पंचवीसला चालतात," ते म्हणाले. पहिल्याच आठवड्यात एका स्कीचा चामडी पट्टा तुटला. मग आम्ही रास अल खोरला गेलो, तिथल्या बाळूदादांकडे. बाळूदादा संगमेश्वरचे, वीस वर्षं एकटे दुबईत, बाबांचे सर्वांत जुने फिटर. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला, दोन रिबिटी मारल्या आणि सिग्रिडला हिंदीत म्हणाले, "बर्फ पे चलने का पैसा देते हो? हमारे कोल्डरूम में आओ, फुकट।" सिग्रिडला 'फुकट' हा शब्द इतका आवडला की ती तो महिनाभर वापरत होती.

त्या स्कींच्या बुटांची एकच जोडी, सिग्रिडची. आमचे पाय सारख्या मापाचे निघाले, म्हणजे मला दोन जोड मोजे घालून. मी आधी भाड्याच्या साध्या स्कीवर शिकले, थांबायला आणि वळायला, आणि मग नोव्हेंबरपासून दर शनिवारी सकाळी आम्ही आळीपाळीने आजोबांच्या स्की घालायला लागलो. एक घसरायची, दुसरी खाली उभी राहून सांगायची. सांगायची म्हणजे काय, ओरडायची. "टाच! टाच!" ती लांब काठी तिथल्या माणसाने पहिल्याच दिवशी काढून घेतली, "नॉट अलाउड, मॅडम," म्हणून. आम्ही हात पसरून, तोल सांभाळत, पडत-धडपडत उतरायचो. घरी येऊन सिग्रिडने गुडघा कसा वाकवायचा ते हॉलमध्ये दाखवलं तेव्हा आई हसत सुटली. "अगं, हे काय! विळीवर बसायचं आणि बसता बसता मध्येच थांबायचं." तिने ओट्याखालची नारळ खवायची विळी काढली, एक पाय दुमडून बसून दाखवलं, आणि मग आमच्याकडून दोन नारळ खवून घेतले. त्या दिवशी आम्ही तिघी किती हसलो होतो. ते हसणं मला अजून आठवतं, पण तो डिसेंबर होता. तोवर सगळं ठरून गेलेलं होतं.

मला मात्र काही माहीत नव्हतं. मी याद्या करत होते. नॉर्वेला न्यायच्या मसाल्यांची यादी, सिग्रिडच्या आईला करून घालायच्या पदार्थांची यादी, एक ते शंभर आकडे त्यांच्या भाषेत. सिग्रिड माझे उच्चार सुधारायची. तिच्या घरातली कुठली खोली मला मिळणार, तिथून काय दिसतं, हे मी पुन्हा पुन्हा विचारायचे आणि ती सांगायची. खिडकीतून कोठार दिसतं, त्यामागे टेकडी. जानेवारीत सेल लागला तेव्हा आईने माझ्यासाठी लाल लोकरीची टोपी आणली, कान झाकणारी. मी ती एसी सोळावर ठेवून घरात घालून बसायचे. आई म्हणायची, "शलू, काढ गं ती, डोक्यात घामोळं येईल." एवढंच म्हणायची.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मला जमलं. म्हणजे खरंच जमलं. एक वळण नाही, सलग सहा वळणं. उजवा पाय पुढे, डावा गुडघा खाली, टाच वर, मग डावा पुढे. कुणी ओरडत नव्हतं, बर्फ फक्त खरखरत होता, आणि मी वरपासून खालपर्यंत न पडता आले. खाली सिग्रिडने फोनवर सगळं टिपलं होतं. ती आनंदाने रडतच होती. तिला स्वतःला चारच्या वर वळणं अजून जमत नव्हती, पण तिने ते मनात आणलं नाही. तिने तिथल्या तिथे स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. सिग्रिडची आई मोठी हसरी बाई होती, केस विस्कटलेले, हातात कॉफीचा मग. ती म्हणाली, "शलाका! माझे बाबा असते तर त्यांनी तुला मिठी मारली असती! किती वाईट वाटतंय की तू ऑगस्टमध्ये येत नाहीस."

मी म्हणाले, "येतेय की."

पडद्यावरच्या बाईने आपल्या मुलीचं नाव घेतलं, प्रश्न विचारल्यासारखं, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. सिग्रिडने फोन बंद केला.

"तुझी आई सांगणार होती तुला," सिग्रिड म्हणाली. "ती म्हणाली होती, मी सांगेन."

"कधी म्हणाली?"

"ऑक्टोबरमध्ये. तिने शाळेला कळवलं, माझ्या आईलाही ईमेल केला. मला म्हणाली, आत्ता सांगितलं तर शलाका वर्षभर रडेल, तुझंही वर्ष खराब होईल. योग्य वेळी मी सांगते, तू बोलू नकोस."

"आणि तू बोलली नाहीस."

"मी तुमच्या घरात राहते," ती म्हणाली. "तिच्या हातचं खाते. मी काय करायला हवं होतं?"

हा प्रश्न तिने खरोखर विचारला होता, उत्तर हवं म्हणून. मी मान वळवली. मी मनात महिने मोजत होते. सात. सात महिने ही मुलगी मला माझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगत होती. काचेपलीकडे एक लहान मूल आइस्क्रीम चाटत माझ्याकडे बघत होतं. मी बूट काढले, मोजेसुद्धा काढले, आणि अनवाणीच लॉकरपर्यंत चालत गेले. पाय भाजल्यासारखे झाले. मला बरं वाटलं.

आता आमच्या घराची रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. पाहुणा घरात असताना वाद घालायचा नाही. आवाज चढवायचा नाही, रुसायचं नाही, ताटावरून उठायचं नाही. आई-बाबांचं भांडण झालं तरी ते पाहुण्यासमोर इतक्या गोड आवाजात चालायचं की वाटावं, भाजीची चौकशी चाललीय. दुपारी आम्ही घरी पोचलो तर आईने थालीपिठं लावली होती, लोण्याचा गोळा, लसणाची चटणी. शनिवार म्हणून बाबाही घरी. चौघं टेबलाशी बसलो. मी पहिला घास मोडला आणि मराठीत म्हणाले, "आई, तू माझं नाव ऑक्टोबरमध्येच काढून घेतलंस?"

घरात मी मराठीत अख्खं वाक्य बोलले, त्यातही 'आई' म्हणाले, हेच आधी सगळ्यांना कळायला दोन क्षण लागले. आईचा हात ताटलीतल्या थालीपिठाकडे चालला होता तो थांबला. मग ती हसली. सिग्रिडकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "हसत बोल. ती बघतेय."

"हसतेच आहे," मी म्हणाले, आणि खरंच दात काढून हसले. "खरं सांग."

"व्हिसाचा प्रश्न होता, राजा." तिने लोणी सिग्रिडच्या ताटात वाढलं. "सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की इथला व्हिसा जातो. तुला माहितीये."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुझा चेहरा पडला असता. घरात परकी मुलगी. तिला काय वाटलं असतं?"

"मग जानेवारीत टोपी कशाला आणलीस?"

आई अजूनही हसत होती. ओठ तसेच होते, वरचा चेहरा मात्र हलत होता. "सेल होता," ती म्हणाली.

देवाशप्पथ, हेच म्हणाली. इतकी वर्षं झाली, मी तिला बऱ्याच गोष्टी माफ केल्यात, पण तो सेल नाही.

मी बाबांकडे वळले. मला वाटलं होतं की हे सगळं बाबांचं डोकं असणार. आमच्या घरात 'नाही' कायम बाबांच्या तोंडून यायचं आणि आई त्याच्यावर साखर पेरायची. म्हणून मी म्हणाले, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात ना?" बाबा थालीपीठ बघत होते. सिग्रिडकडे बघून हसायचंही विसरून ते म्हणाले, "व्हिसाचं काम होत होतं. मी विचारून ठेवलं होतं. डिसेंबरात सुट्टीला एकदा येऊन गेली असतीस की झालं असतं." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की तसं मी तिला कधी कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. "खलास," बाबा म्हणाले, "मला हे पोटात ठेवायचं नाही आता. सहीसुद्धा तिनेच केली, शलू. मला नंतर सांगितलं."

म्हणजे आई. माझ्या बाजूची आई. मुलाखतीला जाताना माझ्या हातावर दही ठेवणारी, याद्यांमध्ये 'गोडा मसाला जास्त घे' असं स्वतःच्या अक्षरात लिहिणारी. मी हसतच होते, कारण थांबायचं कसं ते मला कळत नव्हतं, आणि हसता हसताच माझ्या डोळ्यांतून पाणी थालीपिठावर पडत होतं. सिग्रिडला मराठी येत नव्हती, पण 'ऑक्टोबर' आणि 'व्हिसा' तर तिला कळतच होते. तिने घास खाली ठेवला आणि ती म्हणाली, "सॉरी, आयी. मी नाही सांगितलं. माझ्या आईच्या तोंडून गेलं." माफी तिने मागितली, आणि ती आईची मागितली. माझी नाही. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, "इट्स ओके, बेटा." मी टेबलावरून उठले. पाहुण्यासमोर ताट टाकून उठणारी मी आमच्या घरातली पहिली.

उरलेले पाच आठवडे आम्ही चौघंही अतिशय व्यवस्थित वागलो. शनिवारी मी मॉलला गेले नाही. सिग्रिड एकटी जायची, एकटी यायची, आणि जेवताना सांगायची की आज पाच वळणं झाली. जायच्या आधी तिने मला त्या स्की देऊ केल्या. आजोबांच्या. मला माहीत होतं त्या तिच्यासाठी काय आहेत, आणि म्हणूनच मी म्हणाले, "माझ्या काय कामाच्या?" तिचा चेहरा उतरला आणि मला त्याचं समाधान झालं. आज मला त्या समाधानाची लाज वाटते. चूक माझ्या आईची होती आणि फेडायला लावली मी त्या पोरीला, जिला कुणी गप्प बस म्हटलं म्हणून ती गप्प बसली होती. विमानतळावर आईने तिला कुंकू लावलं, चिवड्याचा डबा दिला, दोघी गळ्यात पडून रडल्या. मी पिशवीचं दुसरं टोक धरून उभी होते.

परतताना गाडीत मी आईला विचारलं. आता कुणी परकं नव्हतं. ती पुढे बसली होती, मान न वळवता बोलली. "तू गेली असतीस तर परत आली नसतीस. आली असतीस, पण ही नाही, दुसरीच कुणीतरी आली असती. बाविसाव्या मजल्यावर मी दिवसभर कुणाशी बोलते, शलू? बाबा सातला जातात. तुझी शाळा सुटते तेव्हा माझा दिवस उजाडतो." बाबांनी रेडिओ लावला. मला तिची दया यायला हवी होती. तिच्या त्या वयाच्या मी आता पुढे गेलेय, माझ्याही घरातून पोरं गेलीत, आणि तिचं वाक्य मला शब्द न् शब्द कळतं. पण तिने हे वाक्य मला ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर कदाचित मी आपणहून राहिले असते. तिने मला तेवढं मोठं धरलं नाही. मला जाऊ दिलं नाही याच्यापेक्षा मला तेच लागलं.

दोन वर्षांनी कॅनडातल्या एका कॉलेजात माझा नंबर लागला. बाबांना सांगितलं, त्यांच्याकडून सह्या घेतल्या, आणि आईला सांगायचं नाही असं वचन घेतलं. जानेवारी ते ऑगस्ट मी तिच्याशी इतकी गोड वागले की तीसुद्धा इतकी गोड कधी वागली नसेल. तिच्याबरोबर पिठी चाळली, मोदकांच्या कळ्या पाडल्या, पुढच्या वर्षी ऑर्डरी कशा वाढवायच्या त्याच्या गप्पा मारल्या. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, ती नारळ खवत असताना, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. किती महिने मी त्या क्षणाची वाट बघत होते! तिचा चेहरा कसा होईल, ती काय विचारेल, मी काय उत्तर देईन, सगळं पाठ होतं.

आई खवत राहिली. वाटी संपवली, करवंटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले.

"माहितीये," ती म्हणाली. "फेब्रुवारीत तुझ्या बाबांच्या बॅगेत पत्र दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज वाटायचं, आज सांगशील."

एवढा एकच सूड उगवायचा होता मला, आणि तोसुद्धा तिने सहा महिने आधीच वाचून ठेवला होता.